वालाच्या दाण्यातलं प्रथिन: डॉ. कमला सोहोनी यांचं संशोधन

(धायरी येथील व्याख्यानमालेत डॉ. कमला सोहोनी यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



डॉ. कमला सोहोनी हे नाव अलीकडे बऱ्याच जणांच्या कानांवरून गेलेलं असतं. त्या नावासोबत बहुधा एकच प्रसंग सांगितला जातो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली कमला भागवत (हे त्यांचं माहेरचं नाव) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करते. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन ती मुलगी आहे म्हणून अर्ज नाकारतात. ती बंगळूर गाठते, कारण विचारते आणि हटत नाही. अखेर रामन अटी घालून तिला प्रवेश देतात. पहिलं वर्ष उमेदवारीचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम, आणि तिच्या वावराने तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये!

हा प्रसंग सांगायलाच हवा. कमलाबाई तो अपमान अखेरपर्यंत विसरल्या नाहीत आणि उतारवयात त्यांनी तसं जाहीरपणे बोलूनही दाखवलं. त्या टिकल्या म्हणून संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. पण दारात अडवलेली मुलगी एवढीच त्यांची ओळख राहिली, तर आत गेल्यावर त्यांनी काय केलं हे आपण विचारणारच नाही. रामन यांच्या त्या नकारापेक्षा कमलाबाईंचं काम कितीतरी मोठं आहे. आजचं व्याख्यान त्या कामाविषयी आहे.

त्यांच्या संशोधनाचे विषय वरवर पाहता पांगलेले वाटतात: डाळी, बटाटा, वाल, नीरा. मला त्यात एकच धागा दिसतो. अन्नात प्रथिन किती आहे, हा प्रश्न त्यांच्याआधीपासून विचारला जात होता. कमलाबाई त्यापुढचा प्रश्न विचारत राहिल्या. ते प्रथिन शरीरात जाऊन करतं काय?

बंगळूरला त्यांना एम. श्रीनिवासय्या हे चांगले मार्गदर्शक लाभले. दूध आणि कडधान्यं यांतल्या नत्रयुक्त पदार्थांचा अभ्यास त्यांनी कमलाबाईंकडे सोपवला. त्यातून १९३५ साली ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये दोघांच्या नावाने डाळींवरचा एक निबंध छापून आला. विषय होता डाळींमधलं असं नत्र, जे प्रथिनांचं नसतं. विषय रूक्ष वाटेल, पण तो तुमच्या-आमच्या रोजच्या व्यवहाराशी जोडलेला आहे. अन्नातलं प्रथिन मोजण्याची सर्वांत रुळलेली पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दिली. तिच्यात प्रत्यक्ष प्रथिन मोजलंच जात नाही, नत्र मोजलं जातं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं असं धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं, आणि उत्तराला प्रथिन म्हणायचं. पण डाळीतलं थोडं नत्र सुट्या अमायनो आम्लांत, म्हणजे ज्यांच्या साखळीतून प्रथिन बनतं त्या घटकांत, आणि इतर छोट्या रेणूंत असतं. तेही प्रथिन म्हणून मोजलं गेलं तर हिशेब फुगतो. पंचविशीही न गाठलेली एक मुलगी हा फुगवटा वेगळा काढून तपासत होती.

याची किंमत काय असते, हे जगाला २००८ साली चीनमध्ये दिसलं. पाणी घातलेल्या दुधाचा प्रथिनांचा आकडा वर जावा म्हणून त्यात मेलामाइन हे नत्राने भरलेलं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं. चाचणीला ते प्रथिनासारखंच दिसलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा तान्ही बाळं दगावली. ‘किती’ या एकाच प्रश्नावर थांबलं, तर माणूस असा फसतो.

१९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. पूर्ण केलं आणि पुढच्या वर्षी त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. केंब्रिजच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं होतं. त्याआधी, १९०६ मध्ये, त्यांनी एडिथ विलकॉक यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग इथे सांगावासा वाटतो. त्यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं ‘झाइन’ दिलं. प्रथिन भरपूर, तरीही उंदीर लवकर मेले. झाइनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं अमायनो आम्ल नसतं. ते वेगळं घातल्यावर उंदीर जास्त दिवस जगले. प्रथिनाचा कस त्याच्या घडणीवर ठरतो, वजनावर नाही, हे त्या उंदरांनी दाखवून दिलं. कमलाबाई अशा घरात शिकायला गेल्या होत्या.

तिथे त्या आधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन कसा सोडतात, याच्या अभ्यासात हिल यांचं नाव आजही अग्रभागी आहे. कमलाबाईंनी हातात घेतला बटाटा. प्राण्यांच्या पेशी ऑक्सिजन वापरून अन्नातली ऊर्जा मोकळी करतात, तेव्हा सायटोक्रोम नावाची रंगीत प्रथिनं इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतात. डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच हे मांडलं होतं. या प्रथिनांच्या पोटात रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच लोह असतं. छोट्या वर्णपटदर्शकातून पाहिलं तर इंद्रधनुषी पट्ट्यावर ठरावीक जागी काळ्या रेघा दिसतात. ऑक्सिजन कमी असताना त्या ठळक होतात, हवा मिसळली की फिक्या पडतात. एक प्रथिन डोळ्यांसमोर काम करताना दिसतं!

वनस्पतींत ही व्यवस्था आहे का, आणि ती आपल्यासारखीच चालते का, हा कमलाबाईंचा प्रश्न होता. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी आहे आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारं विकर, म्हणजे एन्झाइमही आहे, असं उत्तर त्यांना मिळालं. १९३९ मध्ये हिल आणि कमला भागवत यांच्या नावाने ‘नेचर’मध्ये सपुष्प वनस्पतींतल्या त्या विकरावरची टिपणी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघ्या चाळीसेक पानांचा. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

या शोधाची व्याप्ती पुढे कळली. १९६० नंतर वेगवेगळ्या सजीवांच्या सायटोक्रोम सी मधल्या अमायनो आम्लांचा क्रम लावला गेला. माणसात ही साखळी १०४ अमायनो आम्लांची असते, आणि चिंपांझीत तीच, एकाही बदलाशिवाय. घोडा, मासा, गहू असं दूर जावं तसे फरक वाढतात, पण मूळ घडण टिकून राहते. सजीवांचं नातं प्रथिनाच्या साखळीतून वाचता येतं, याचा हा अगदी सुरुवातीचा आणि आजही शिकवला जाणारा दाखला आहे. बटाट्याच्या पेशीत आपलंच प्रथिन शोधणाऱ्या कमलाबाई त्या वाटेवर फार आधी चालून गेल्या होत्या.

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या त्या प्राध्यापक आणि प्रमुख झाल्या. मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या नव्या जीवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या. पुढे त्याच संस्थेच्या पहिल्या महिला संचालकही. केंब्रिजचं यंत्रसाहित्य इथे नव्हतं. विद्यार्थी मात्र होते, आणि देशातल्या गरिबांच्या ताटातला मोठा प्रश्नही होता. मांस-दूध ज्यांना परवडत नाही त्यांचं प्रथिन कडधान्यांतून येतं. मग त्या कडधान्यांतलं किती प्रथिन अंगी लागतं?

इथे आपण वालापाशी येतो. स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं विकर लहान आतड्यात येतं आणि अन्नातल्या प्रथिनांच्या साखळ्या ठरावीक जागी, लायसिन किंवा आर्जिनिन ही अमायनो आम्लं असतील तिथे, तोडतं. कच्च्या कडधान्यांमध्ये या ट्रिप्सिनलाच अडवणारं एक प्रथिन असतं. अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास सोयाबीनमधलं असं रोधक स्फटिकरूपात वेगळं केलं होतं. आपल्या वालात आणि डबल बीमध्ये काय आहे, हे कोणी पाहिलं नव्हतं. कमलाबाई आणि त्यांचे सहसंशोधक के. एस. आंबे यांनी ते पाहिलं. दोन्ही दाण्यांतली रोधकं त्यांनी स्फटिकरूपात मिळवली आणि १९५५ मध्ये ‘नेचर’ने तो निबंध छापला. पालेभाज्या, फळभाज्या, तूर अशा आपल्या इतर खाद्यांतल्या रोधकांचाही शोध त्यांच्या प्रयोगशाळेत चालू होता. पुढे वालातल्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रथिनांवरही तिथे काम झालं.

त्या काळी स्फटिकाला एवढं महत्त्व का होतं? विकर हे मुळात प्रथिनच असतं, हेही १९२६ मध्ये वादग्रस्त होतं. त्या वर्षी जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज या विकराचे स्फटिक काढले आणि त्या वादाला कलाटणी मिळाली. या कामासाठी त्यांना नोबेल मिळायला १९४६ उजाडलं. असंख्य रेणू सारख्याच घडणीचे असले तरच ते एका रांगेत बसून स्फटिक होतात. त्यामुळे स्फटिक मिळणं ही शुद्धतेची मोठी कसोटी होती, आणि पुढे त्यावर क्ष-किरण टाकून रेणूची रचना काढायची वाटही तिथूनच जात होती. वालाचं पीठ भिजवायचं, अर्क गाळायचा, क्षार घालून एकेक प्रथिन खाली बसवायचं, पुन्हा विरघळवायचं, प्रत्येक टप्प्यावर ट्रिप्सिन अडतं का ते बघायचं. महिनोन् महिने हे केल्यावर काचेच्या तळाशी बारीक चमक दिसते. यात घाई करून चालत नाही.

हे रोधक अडवतं कसं, हे पुढच्या पिढीने रचनेतून उलगडलं. वाल आणि डबल बीमधली रोधकं ज्या कुळातली आहेत, त्याला बोमन आणि बर्क या दोन शास्त्रज्ञांचं नाव आहे. रेणू लहान, पण गंधकाच्या सात पुलांनी आवळून बांधलेला. त्याच्या बाहेर आलेल्या वळणावर ट्रिप्सिनला हवं तसंच अमायनो आम्ल असतं. अडकित्त्याच्या पात्यांत एखादी फार चिवट सुपारी धरावी, ती फुटू नये आणि निघूही नये, तशी ट्रिप्सिनची गत होते. तो अडकित्ता मग दुसरी सुपारी कातरू शकत नाही. रोधकाची सगळी करामत त्याच्या आकारात आहे. आकार मोडला की करामत संपली.

आता स्वयंपाकघरात या. आपल्याकडे वाल रात्रभर भिजत घालतात, फडक्यात बांधून मोड आणतात, कोमट पाण्यात टाकून सालं काढतात आणि मग डाळिंब्यांची उसळ शिजवतात. भिजवल्याने पाण्यात उतरणारा काही भाग निघून जातो. मोड येताना दाणा स्वतःच साठवलेली प्रथिनं मोडू लागतो आणि रोधक हळूहळू कमी होतं. उरलेलं काम शिजवणं करतं, आणि सर्वांत मोठं काम तेच आहे. नीट भिजलेला दाणा पूर्ण शिजला की रोधकाचा आकार बिघडतो. म्हणून मी आवर्जून सांगतो: मोड आले म्हणजे झालं असं समजून वाल, पावटा, राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नका. राजम्यातली गुठळ्या करणारी प्रथिनं पाणी खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाहीत. मंद आचेवर नुसता कोमट ठेवलेला राजमा पोट बिघडवतो. आपला प्रेशर कुकर याबाबतीत चोख आहे.

कच्चं कडधान्य खाल्लं तर नुकसान दुहेरी होतं. अन्नातलं प्रथिन पचत नाही, आणि ट्रिप्सिन अडलं म्हणून स्वादुपिंड आणखी पाचक विकरं सोडत राहतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे स्वादुपिंड मोठं झालेलं दिसलं. या विकरांत गंधकयुक्त अमायनो आम्लं भरपूर असतात, ती शरीराबाहेर वाया जातात, आणि कडधान्यांत तर हीच अमायनो आम्लं मुळात कमी असतात. परंपरेने शिजवण्याची रीत दिली. त्या रीतीतलं नेमकं काय महत्त्वाचं आहे, हे सांगायला कमलाबाईंसारख्या संशोधक लागल्या. घाईच्या दिवसांत यातलं काय गाळता येईल आणि काय अजिबात गाळता येणार नाही, हे ठरवायला आपल्याला ते ज्ञान लागतं.

याच कामाचा एक पुढचा अध्याय आपल्या पुण्यात लिहिला गेला. दाणा हे रोधक बाळगतो ते आपल्याला छळायला नाही. किडीने खाल्लं तर तिच्याही पोटातलं विकर अडावं, ही त्याची संरक्षणाची तजवीज आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा अभ्यास केला. घाटेअळीच्या आतड्यातली विकरं हरभऱ्याचं रोधकच निकामी करून टाकतात, हे त्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. हरभऱ्याचं शस्त्र अळीने बोथट केलं होतं. मग दुसऱ्या कोणत्या वनस्पतीचं रोधक तिला भारी पडेल, याचा शोध सुरू झाला. शेतकऱ्याच्या पिकाशी हे संशोधन थेट जोडलेलं आहे.

नीरेवरचं काम मी थोडक्यात सांगतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ते हाती घेतलं. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह आहे, आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही हे घटक टिकतात, असं त्यांनी दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारल्याचं आढळलं. या कामासाठी त्यांचा राष्ट्रपती पुरस्काराने गौरव झाला. इथेही पद्धत तीच. पदार्थात काय आहे एवढ्यावर थांबायचं नाही, तो ज्याच्या पोटात जातो त्याच्यात काय फरक पडतो ते बघायचं. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. कमलाबाई संस्थापकांत होत्या, पुढे अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या ग्राहकांसाठी लिहीत. ग्राहक संरक्षण कायदा यायला त्यानंतर वीस वर्षं लागली. मराठी घरांसाठी त्यांनी ‘आहार-गाथा’ लिहिली. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत आपल्याला साहित्यातून परिचित आहेत. दोघी बहिणींच्या वाटा वेगळ्या होत्या, पण स्वतः तपासल्याशिवाय काही मान्य करायचं नाही हा बाणा एकच.

समोर बसलेल्या तरुण मंडळींसाठी आता आजचं बोलतो. प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते, हे मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये एका आलेखात मांडलं. जगातली प्रत्येक नवी प्रथिनरचना आजही त्या आलेखावर पडताळून पाहिली जाते. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने अमायनो आम्लांच्या क्रमावरून आकाराचा अंदाज थक्क करणाऱ्या अचूकतेने बांधून दाखवला. दोनच वर्षांत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांना खुले झाले, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. धायरीतली एखादी मुलगी आज घरच्या संगणकावर वालातल्या प्रथिनाचा आकार फिरवून पाहू शकते. पण आकार हाती आला की कमलाबाईंचा प्रश्न नव्याने उभा राहतो. हे प्रथिन तापवल्यावर काय करतं, आतड्यात काय करतं, गरिबाच्या मुलाच्या वाढीत काय करतं? त्यासाठी दाणे भिजवावे लागतात आणि माणसांपर्यंत जावं लागतं.

प्रथिनाची पावडर विकणाऱ्या डब्यावर आज मोठ्या अक्षरांत ग्रॅम छापलेले असतात. डबा हातात घेणाऱ्याने कमलाबाईंचे प्रश्न विचारावेत. हा आकडा नत्रावरून काढलाय का? यातली अमायनो आम्लं कोणती? ते पचतं किती? आणि मुळात आपल्या वरण-भाताने, उसळ-भाकरीने जे मिळतं त्यापेक्षा वेगळं यात काय आहे? तांदूळ-ज्वारीत लायसिन कमी, डाळींत गंधकयुक्त अमायनो आम्लं कमी. दोन्ही एका ताटात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचं निधन झालं. जन्म १९११ चा, इंदूरचा. म्हणजे देशाने त्यांची नीट दखल घेतली तेव्हा त्यांची ऐंशी वर्षं उलटून गेली होती. त्यांचं स्मारक करायचं असेल तर मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे, आणि ती या परिसरातल्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाला जमण्याजोगी आहे.

एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. त्यावर ट्रिप्सिनचा थेंब ठेवला तर काही वेळाने तेवढ्या जागेचा थर धुतला जातो आणि आरपार दिसणारा ठिपका उरतो. त्यात कच्च्या वालाचा अर्क मिसळला तर थर शाबूत राहतो. रोधकं शोधण्यासाठी एक्स-रे फिल्म वापरायची ही युक्ती छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती आज अनेक प्रयोगशाळांत वापरात आहे. मुलांनी एकाच फिल्मवर ट्रिप्सिनमध्ये अर्क मिसळून चार थेंब ठेवावेत: कच्च्या वालाचा, भिजवलेल्याचा, मोड आलेल्याचा आणि शिजवलेल्याचा. कोणता ठिपका किती स्वच्छ झाला ते मोजावं, वहीत लिहावं, आणि मग पावटा, तूर, हुलगा घेऊन पुन्हा करावं. आपल्या भागातल्या कडधान्यांचा असा तक्ता मुलांनी स्वतः तयार केला, तर पुढच्या वर्षी याच मंचावरून वक्त्याऐवजी त्यांनाच बोलवा. कमलाबाईंच्या नावाने व्हावं असं याहून उचित काम मला दिसत नाही.